रनिंग ग्रुपमधून हुरूप कसा मिळवायचा: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी टप्प्याटप्प्याने

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन होते आणि त्यानंतरच्या आठवड्यांत ठाणे-नवी मुंबईतल्या रनिंग ग्रुपांमध्ये नवे चेहरे दिसू लागतात. होळी येईपर्यंत त्यातले बरेच गायब झालेले असतात. विचारले तर उत्तर ठरलेले: ‘मोटिव्हेशन टिकलं नाही.’ खरी गडबड बहुतेकदा क्रमात असते. आधी स्पर्धेची नोंदणी, मग महागडे बूट आणि घड्याळ, मग चार व्हॉट्सॲप ग्रुप, आणि सगळ्यात शेवटी धावणे. तेही पहिल्याच रविवारी ग्रुपमधल्या सगळ्यात वेगवान मंडळींच्या मागे.

खाली दिलेला क्रम जवळपास याच्या उलटा आहे. तुमच्याच पेसचा, म्हणजे तुमच्याच वेगाने धावणारा, एखादा माणूस ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी तुमची वाट बघत उभा असतो, हुरूप त्यातून येतो. सगळे टप्पे त्या माणसापर्यंत पोचण्यासाठी आहेत, म्हणून मधला टप्पा गाळू नका.

टप्पा १: ग्रुपकडे जाण्याआधी तीन-चार आठवडे एकट्याने

‘ग्रुपमध्ये गेलो की सुरुवात करू’ ही सगळ्यात जास्त होणारी चूक. ग्रुप कितीही प्रेमळ असला तरी त्यांचे सकाळचे गणित ठरलेले असते. तुम्ही पहिल्या किलोमीटरलाच थांबलात तर कोणीतरी तुमच्यासाठी थांबते, तुम्हाला संकोच वाटतो आणि पुढच्या रविवारी तुम्ही गजर बंद करून झोपता. अर्धा तास पायांवर राहण्याची तयारी घरूनच करून जा.

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड, प्रत्येकी ३० मिनिटे. पहिल्या आठवड्यात १ मिनिट हळू धावायचे, २ मिनिटे चालायचे. दुसऱ्या आठवड्यात २ मिनिटे धाव, २ मिनिटे चाल. तिसऱ्यात २ मिनिटे धाव, १ मिनिट चाल. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा, पुढे सरकू नका. वेग एवढाच ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. एकेका शब्दावर धाप लागत असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जोरात आहात.

हे सोसायटीच्या आवारात करू नका. दर पन्नास मीटरला काटकोनात वळून गुडघे कुरकुरतात, शिवाय वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत प्रत्येकाकडे सल्ला तयार असतो.

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, अथवा घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. ग्रुपमधले अनुभवी काका म्हणजे डॉक्टर नव्हेत, अगदी त्यांनी कितीही मॅरेथॉन केलेल्या असल्या तरी.

बुटांबद्दल थोडक्यात. दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. धावताना घालणार तेच मोजे घालून बघा आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळ दबतो, म्हणून कपाटातले जुने जोड बाहेर काढण्याआधी ते किती चालले आहेत याचा विचार करा. तळात कार्बनची कडक पट्टी असलेले, स्पर्धेतल्या वेगासाठीचे ‘कार्बन प्लेट’ बूट या टप्प्यावर निव्वळ खर्च.

*तपासा:* अर्ध्या तासाच्या धाव-चालीनंतर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघा किंवा नडगी दुखत नसेल तर पुढच्या टप्प्याला लागा.

*सावधान:* छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबा आणि थेट दवाखाना गाठा. ‘थोडं बसतो, बरं वाटेल’ म्हणू नका.

टप्पा २: तीन गोष्टी कागदावर लिहा

पहिली, तुमचा सोयीचा पेस. सपाट रस्त्यावर, गप्पा मारता येतील अशा वेगाने ३ किलोमीटर जा. मध्ये चाललात तरी चालेल. एकूण मिनिटांना तीनने भागा. २४ मिनिटे लागली तर तुमचा पेस ८, म्हणजे एका किलोमीटरला ८ मिनिटे. नवख्यांचा पेस ८ ते ९ असणे अगदी नेहमीचे आहे. उड्डाणपुलावर किंवा येऊरच्या चढावर हे मोजू नका. आणि कोणी विचारले तर मनातला पेस सांगू नका, कागदावरचा सांगा. खोटा पेस सांगितला की तुम्ही चुकीच्या गटात पडता आणि पुढचे सगळेच बिघडते.

दुसरी, तुमचे दोन वार. एक आठवड्यातला, एक शनिवार किंवा रविवार. ते ठरवताना घर समोर ठेवा: पाणी किती वाजता येते, मुलांची बस किती वाजता, डबा कोण करते. साडेपाचला जमायचे तर पावणेपाचला उठावे लागते, म्हणजे दहाला दिवे बंद. हे घरात आधी बोलून ठरले नाही तर महिन्याभरात धावण्यावरून कुरबुर सुरू होते, आणि ती रास्तही असते. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्यांनी पहाटेचा हट्ट सोडून संध्याकाळी धावणारी मंडळी शोधावीत. रात्रभर जागून पहाटे धावणे हा पराक्रम वाटतो, पण त्यातून पदरी फक्त दुखणे पडते.

तिसरी, घरापासूनचे अंतर. घराच्या दारापासून जमण्याच्या जागेपर्यंत पंधरा मिनिटांत पोचता आले पाहिजे. कासारवडवलीत राहून तलावपाळीच्या ग्रुपमध्ये जाणारा माणूस रविवारी उत्साहाने येतो, बुधवारी मात्र येऊ शकत नाही. आणि ग्रुपमध्ये ओळख घट्ट होते ती बुधवारीच.

टप्पा ३: आधी जागा निवडा, मग ग्रुप

लोक ग्रुपचे नाव, टी-शर्ट आणि फोटो बघून ग्रुप निवडतात. नवख्याला जागेचा आकार जास्त महत्त्वाचा असतो, म्हणून या टप्प्यावर जरा वेळ घालवा.

*लहान फेरीच्या जागा.* ठाण्यात कचराळी तलाव, उपवन, तलावपाळी. नवी मुंबईत नेरूळचे ज्वेल ऑफ नवी मुंबई, खारघरचे सेंट्रल पार्क. इथे फेरी लहान असते, त्यामुळे वेगवान माणूस तुम्हाला मागे टाकून निघून गेला तरी थोड्या वेळाने पुन्हा तुमच्या शेजारून जातो. ‘चला, अजून दोन!’ असे ओरडतो, हात करतो. पेस कितीही वेगळे असले तरी सगळे एकत्र असल्यासारखे वाटते. थकलात तर घर जवळ, पाणी जवळ, बसायला कट्टा जवळ. सुरुवातीचे दोन-तीन महिने अशाच जागी काढावेत असे माझे मत आहे. तोटा एवढाच की सतत एकाच बाजूला वळून एका पायावर ताण येतो, म्हणून अर्ध्या वेळेनंतर दिशा बदला. चालायला येणाऱ्या ज्येष्ठांची तिथे गर्दी असते, त्यांना खेटून जाऊ नका. तीन-तीन जणांची आडवी रांग करून धावणाऱ्या ग्रुपला आजूबाजूचे लोक शिव्या घालतात, आणि त्यांचे चुकत नाही. तलावपाळीला उजाडल्यावर रहदारी लवकर वाढते, तिथे वेळ पाळा.

*जाऊन परत येण्याचे रस्ते.* याचे ठळक उदाहरण पाम बीच मार्ग, वाशी ते बेलापूर. सपाट, रुंद, एका अंगाला खारफुटी. नवख्याची इथे फसगत अशी होते की सगळे एकदम निघतात, पहिल्या दहा मिनिटांत ग्रुप पांगतो आणि तुम्ही एकटे उरता. असा ग्रुप निवडायचाच असेल तर त्यांना विचारा की तुम्ही अंतरावर वळता की वेळेवर? वेळेवर वळण्याची युक्ती फार चांगली आहे: सगळ्यांनी २५ मिनिटे पुढे जायचे आणि जिथे असाल तिथून मागे फिरायचे. वेगवान माणूस जास्त लांब जातो, हळू माणूस कमी, पण परत सगळे जवळजवळ एकाच वेळी येतात. शेवटचा आला म्हणून कोणी ताटकळत नाही आणि कोणाला ओशाळे वाटत नाही.

*सावधान:* पाम बीचवर गाड्या बेफाम जातात, पहाटे तर जास्तच. मुख्य रस्त्याच्या कडेने धावू नका. फूटपाथ किंवा आतला रस्ता धरा, रस्त्यावर उतरावेच लागले तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने राहा आणि कानात काही घालू नका. मेच्या अखेरीस सहाच्या सुमारास सूर्य उगवतो, जानेवारीच्या मध्याला मात्र सव्वासात होतात. हिवाळ्यात साडेपाचला पूर्ण काळोख असतो, तेव्हा चमकणारी पट्टी किंवा छोटा दिवा लागतोच.

*चढाच्या जागा.* उपवनकडून येऊर, बेलापूरची पारसिक हिल. दोन्ही सुंदर आणि दोन्ही पहिल्या महिन्यात टाळायच्या. चढावर पेस कोसळतो, उतारावर गुडघे आणि मांड्या भरून येतात, आणि ‘आपल्याला हे जमणार नाही’ अशी खोटी समजूत होते. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबट्यांचा वावर आहे. उजाडण्याआधी जाऊ नका, एकट्याने जाऊ नका आणि वनखात्याच्या फाटकावर त्या वेळचे नियम विचारून घ्या.

टप्पा ४: सामील होण्याआधी एकदा नुसते बघायला जा

एखाद्या रविवारी ग्रुप जमतो तिथे दहा मिनिटे आधी जा आणि लांबून बघा. सगळ्यात पुढे कोण धावते हे बघायची गरज नाही. सगळ्यात शेवटी कोण येते आणि ती व्यक्ती परत येते तेव्हा तिथे किती जण थांबलेले असतात, हे बघा. या एका गोष्टीवरून ग्रुपबद्दल जेवढे कळते तेवढे त्यांच्या माहितीपत्रकातून कळत नाही. शेवटचा माणूस आला तेव्हा सगळे फोटो काढून पांगलेले असतील तर तुमचेही तसेच होणार.

मग पुढे होऊन ओळख करून द्या आणि या गोष्टी विचारा:

- माझा पेस इतका आहे, या पेसचे नियमित येणारे कोण आहे?
- सगळ्यात मागे राहण्याची जबाबदारी कोणावर असते का?
- फी आहे का? असेल तर त्यात कोच, पाणी, व्यायाम यांपैकी काय मिळते?
- आठवड्यात, रविवार सोडून, कधी जमता?

पहिल्या प्रश्नाला ‘अहो, या तर खरं, सगळे धावतात’ असे मोघम उत्तर आले तर सावध व्हा. नाव सांगितले, ‘त्या बघा, निळ्या टोपीतल्या ताई, त्या तुमच्याच पेसच्या’, तर अर्धे काम झाले.

महिलांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात: मार्गावर दिवे चालू असतात का, आणि जवळ उघडे, वापरता येईल असे स्वच्छतागृह आहे का. पाम बीचसारख्या लांब रस्त्यावर स्वच्छतागृहाचा प्रश्न खरोखर येतो. हे विचारताना संकोच नको. ज्या ग्रुपमध्ये महिला नियमित येतात त्यांच्याकडे उत्तर तयार असते.

फी घेणारा ग्रुप वाईट नाही आणि फुकटचा ग्रुप आपोआप चांगला नाही. कोच असेल आणि तो प्रत्येकाला वेगळा आराखडा देत असेल तर पैसे वसूल होतात. सगळ्यांना एकच तक्ता पाठवणाऱ्याला मात्र वर्षाची फी एकदम देऊ नका, महिन्याची द्या.

*तपासा:* एका वेळी एकच ग्रुप. दोन ग्रुपांत पाय ठेवला की दोन्हीकडे तुम्ही पाहुणेच राहता.

टप्पा ५: पहिले चार आठवडे

या महिन्यात वेगाचे ध्येय नको, अंतराचेही नको. दोन ठरलेले वार चुकवायचे नाहीत, बस.

दहा मिनिटे आधी पोचा. ग्रुप ठरल्या वेळी निघतो आणि उशिरा आलेला माणूस दमछाक करत त्यांना गाठायला जातो, मग पुढे सगळा वेळ ढेपाळलेला असतो. खिशात एका चिठ्ठीवर नाव, रक्तगट आणि घरच्यांचा नंबर ठेवा. फोन लॉक असतो, चिठ्ठी नसते.

निघताना मागच्या टोकाला उभे राहा. पहिली दहा मिनिटे कोणाबरोबर धावता यावर सकाळ कशी जाणार ते ठरते. आजूबाजूला वेगाने जाणारे दिसले की पाय आपोआप ओढले जातात. तिथे बोलून बघा: पूर्ण वाक्य येत नसेल तर हळू व्हा, त्यांना जाऊ द्या. आणि ग्रुपचे आजचे अंतर १० असले तरी तुमचे ४ असेल तर ४ ला थांबा. ‘अजून दोनच राहिलेत, चल!’ हा आग्रह प्रेमाचा असतो आणि नडगीची दुखणी बऱ्याचदा तिथूनच सुरू होतात.

पाण्याचे थोडे गणित. आपल्याकडच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि त्याच पेसला जास्त दम लागतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये हे ठळकपणे जाणवते. शरीराला उकाड्याची सवय व्हायला साधारण दहा-पंधरा दिवस लागतात, तेवढे दिवस पेस पडला तर वाईट वाटून घेऊ नका. तासाभराच्या आतल्या धावेला तहानेप्रमाणे साधे पाणी पुरते. त्यापुढे मीठ-साखर लागते. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात घालायची असते, अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खी पुडी ओतू नका. तहान नसताना लिटरच्या लिटर पाणी ढोसणेही धोक्याचे, त्याने रक्तातले सोडियम उतरते.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग: धावून झाल्यावरचा अर्धा तास. नवखे लोक घड्याळ बंद करतात आणि स्कूटर काढून निघून जातात. स्ट्रेचिंग करताना आणि नंतर चहाच्या टपरीवरच माणसे खरे बोलतात: कोणाचे गुडघे दुखले, कोणी गेल्या महिन्यात सोडायचेच ठरवले होते, कोणाला कोणत्या डॉक्टरने बरे केले. तिथे थांबा. घाई असेल तर धावणे दहा मिनिटे कमी करा, चहा चुकवू नका. (मामलेदारची मिसळ हा स्वतंत्र विषय आहे. लांब धावेनंतर लगेच खाल्लीत तर पोट दिवसभर आठवण करून देईल.)

*तपासा:* चार आठवड्यांनंतर ग्रुपमधल्या निदान पाच जणांची नावे तुम्हाला माहीत आहेत का, आणि त्यांना तुमचे? नसतील तर तुम्ही धावायला जात आहात, ग्रुपमध्ये नाही. पुढे जाण्याआधी आणखी दोन आठवडे इथेच राहा.

टप्पा ६: तुमची दोन माणसे शोधा

या सगळ्या खटाटोपाचा गाभा हा. साताऱ्याच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या शर्यतीची) अंतिम फेरी गाठली, ते आठवून अंगावर काटा येतो. पण बुधवारी पहाटे पावणेपाचला पांघरुणातून बाहेर काढायला तो काटा पुरत नाही. तिथे उपयोगी पडतो तो ‘मी तलावाच्या फाटकाशी उभा राहतो’ असे म्हणणारा शेजारच्या इमारतीतला माणूस.

पहिला माणूस तुमच्या बरोबरीचा. पेसमधला फरक किलोमीटरला अर्ध्या मिनिटाच्या आत, आणि दोन वारांपैकी निदान एक सारखा. वय, नोकरी, स्वभाव जुळलाच पाहिजे असे नाही. बावीस वर्षांची विद्यार्थिनी आणि पन्नाशीचे बँकेतले काका यांची जोडी छान जमते, कारण दोघांनाही दाखवेगिरी करायची नसते. त्याच्याशी साधा करार करा: येणार नसू तर रात्री नऊपर्यंत कळवायचे, नऊनंतर रद्द नाही. हा नियम ऐकायला किरकोळ वाटतो, पण पहाटेचा निर्णय तो रात्रीच उरकून टाकतो. पहाटे गजर वाजल्यावर शरीराशी वाद घालण्यात कोणीच जिंकत नाही.

दुसरा माणूस तुमच्यापेक्षा एकच पायरी पुढचा. तुम्ही ५ किलोमीटर धावत असाल तर नुकतेच १० करू लागलेला. ग्रुपमधला अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहूनही लांब अंतर, धावणारा तारा नको, कारण तुमची अडचण तो कधीच विसरून गेला आहे. वर्षभरापूर्वी तुमच्या जागी असलेल्या माणसाला ती नेमकी आठवते.

त्याला काय विचारायचे, यातही लोक चुकतात. ‘तुम्ही मोटिव्हेटेड कसे राहता?’ असे विचारले की समोरचा भाषण करतो. नेमके विचारा:

- ५ वरून १० पर्यंत जाताना कुठे अडकलात?
- पाऊस सुरू झाल्यावर आठवडे कसे भरले?
- दुखायला लागले तेव्हा किती दिवस थांबलात?
- घरच्यांनी कुरकुर केली तेव्हा कोणता वार सोडलात?

उत्तर ऐकून त्यातली एकच गोष्ट पुढचे दोन आठवडे करून बघा आणि मग त्या माणसाला जाऊन सांगा की करून बघितले, असे असे झाले. सल्ला घेऊन गायब होणाऱ्याला दुसऱ्यांदा कोणी मनापासून सांगत नाही. करून आलेल्याशी मात्र लोक जन्माचे जोडले जातात.

आहार आणि औषधे यांचे सल्ले या यादीत घेऊ नका. प्रोटीन पावडर, वेदनाशामक गोळी घेऊन धावणे, रिकाम्या पोटी २० किलोमीटर अशा गोष्टी ग्रुपमध्ये सहज फिरतात. धावण्याआधी वेदनाशामक घेणे मूत्रपिंडाला महाग पडू शकते, विशेषतः घाम जाऊन शरीर कोरडे पडले असेल तेव्हा.

*तपासा:* येत्या बुधवारी तुम्ही गेला नाहीत तर सातच्या आत कोणाचा तरी मेसेज येईल का? येणार असेल तर हा टप्पा झाला.

टप्पा ७: फोनवरचा ग्रुप आवरा

व्हॉट्सॲप ग्रुप निरोपासाठी ठेवा: कुठे, किती वाजता, पाऊस आहे का. बाकी म्यूट. रोजचे पदकांचे फोटो बघून आधी हुरूप येतो, नंतर न्यूनगंड.

स्ट्रावावर, म्हणजे धावांची नोंद ठेवून ती इतरांना दाखवणाऱ्या ॲपवर, सुरुवातीला फक्त आपल्या दोन माणसांना फॉलो करा. शंभर जणांचे पेस बघून आपली सोपी धाव नकळत जोरात होते आणि विश्रांतीचा दिवस अपराधासारखा वाटू लागतो. सुरुवातीची आणि शेवटची जागा लपवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, ती आजच चालू करा. तुमचे घर आणि रोजची वेळ अनोळखी माणसाला कळण्याचे काही कारण नाही.

टप्पा ८: एखादे काम अंगावर घ्या

तीनेक महिन्यांनंतर उत्साह ओसरतो. नवलाई संपते, पेस थोडा सुधारून थबकतो. नेमक्या या वेळी काहीतरी जबाबदारी घ्या: रविवारी पाण्याचे कॅन आणणे, नव्यांना पेस विचारून योग्य माणसाशी गाठ घालून देणे, किंवा सगळ्यात मागे राहून शेवटच्या माणसाबरोबर येणे. मला विचाराल तर शेवटचे काम सगळ्यात मोलाचे. त्या दिवशी तुमची धाव आपोआप सोपी होते, जी तुम्हाला तशीही हवी असते, आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सोबत मिळते.

एखाद्या स्पर्धेत धावण्याआधी पाण्याच्या टेबलावर स्वयंसेवक म्हणून उभे राहा. पहिल्या शंभर जणांनंतर येणारी गर्दी तिथे जवळून दिसते: चालत-धावत, घामाने निथळत, मध्येच हसत जाणारी साधी माणसे. आपण त्यात बसतो हे पटायला ती सकाळ पुरते.

*सावधान:* काम एकच घ्या. हिशेब, टी-शर्ट, बॅनर, फोटो सगळे अंगावर घेणारी माणसे वर्षभरात ग्रुपच चालवत राहतात आणि धावणे बंद पडते.

टप्पा ९: आता नोंदणी

पहिली स्पर्धा जवळची आणि छोटी घ्या, ५ किंवा १० किलोमीटर. सलग आठ आठवडे दोन्ही वार पाळले असतील तरच फॉर्म भरा. ठाणे महापालिकेची वर्षा मॅरेथॉन भर पावसाळ्यात असते, तिथे धावायचे तर ओल्या रस्त्यावर धावण्याचा सराव हवा. मुंबई मॅरेथॉनचे पूर्ण अंतर ४२.१९५ किलोमीटर आहे. ‘ग्रुपमधले सगळे करतायत’ हे त्यासाठीचे कारण होऊ शकत नाही.

आपल्या बरोबरीच्या माणसाबरोबर नोंदणी करा आणि शेवटपर्यंत एकत्र राहायचे की नाही, हे सुरू होण्याआधी बोलून घ्या. यावरून झालेले रुसवे बरेच दिवस चालतात. नवे बूट, नवे एनर्जी जेल (धावताना खायची गोड पेस्ट), नवे काहीही त्या दिवशी नको. मुंबईत रविवारी धावून लोकलने परतणार असाल तर मेगाब्लॉकची वेळ आधी बघून ठेवा. पायात गोळे आलेले असताना ठाण्याच्या पुलावर जिने चढणे हीही एक स्पर्धाच असते.

टप्पा १०: खंड पडला तर

खंड पडणारच. जुलैची झोड, गणपती, मुलांच्या परीक्षा, चिकुनगुनिया, पाठदुखी, काहीही असेल. बहुतेक लोक धावणे थांबले की ग्रुपमध्ये जाणेही थांबवतात, आणि मग परतणे अवघड होते. दुखापत असेल तरी रविवारी चहाच्या वेळी जा. चालता येत असेल तर चाला, पाणी वाटा, वेळ लिहून घ्या.

पावसात ग्रुप धावत असला तरी तुंबलेल्या पाण्यातून जाऊ नका. पायाला खरचटलेले असताना अशा पाण्यातून गेल्यास लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा) धोका असतो. गेलाच असाल तर घरी येऊन पाय साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. पुढच्या काही दिवसांत ताप आला तर अंगावर काढू नका. हिवाळ्यात हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) बघण्याची सवय लावा. २०० च्या वर गेला की हवा ‘खराब’ गटात जाते. दमा असणाऱ्यांनी त्या दिवशी घरातच व्यायाम करावा, बाकीच्यांनी अंतर आणि जोर कमी करावा.

परत येताना जिथे सोडले तिथून सुरू करू नका. आठवडाभराचा खंड असेल तर नेहमीच्या अंतराने पण हळू. दोन-तीन आठवड्यांचा असेल तर अंतर निम्मे. महिन्याहून जास्त असेल तर टप्पा १ मधल्या दुसऱ्या आठवड्यापासून, लाज न बाळगता. आजारपणातून, विशेषतः तापातून उठला असाल तर डॉक्टरांना विचारून. परतण्याच्या आदल्या रात्री नऊच्या आत तुमच्या बरोबरीच्या माणसाला मेसेज करा: ‘उद्या येतोय, हळू जाऊ.’